सार्वजनिक वाचनालयातील संगणकांचे आरक्षण आणि वापर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सांगली जिल्ह्यातील सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल, कार्यवाह आणि संगणक कक्ष सांभाळणारे सहकारी यांच्यासाठी तयार केले आहे. नवा कक्ष सुरू करताना किंवा चालू कक्षातल्या कुरबुरी मिटवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात, त्यांचीच उत्तरे येथे दिली आहेत. संगणकांची खरेदी आणि अनुदानाचे प्रस्ताव हे विषय येथे घेतलेले नाहीत.

चार-पाच संगणकांसाठी आरक्षणाची पद्धत खरोखरच लागते का?

संगणक जितके कमी, तितकी ती जास्त लागते. भरतीच्या किंवा सीईटीच्या अर्जाची मुदत संपत आली की एकच यंत्र चार जणांना एकाच वेळी हवे असते. मग सकाळी आधी येऊन बसलेला दुपारपर्यंत उठत नाही आणि जतहून एसटीने आलेला विद्यार्थी बाकावर ताटकळत राहतो, शिवाय परतीची गाडी चुकेल म्हणून अर्ज न भरताच निघून जातो.

दुसरे कारण बैठकीत सहसा कोणी उघडपणे मांडत नाही. आपल्याकडे कक्षात बसलेला माणूस बहुधा कोणाच्या तरी ओळखीचा असतो. संचालकांचा पुतण्या असतो, जुन्या वर्गणीदारांचा नातू असतो. त्याला ‘वेळ संपली, उठा’ असे ग्रंथपालाने सांगितले की ग्रंथपाल वाईट ठरतो. तेच काम पडद्यावरच्या घड्याळाने केले, तर कोणाचाही मान दुखावत नाही. नियम एकदा समितीच्या ठरावात लिहून घ्यावेत आणि त्यांची अंमलबजावणी शक्य तितकी यंत्रावर सोपवावी, हेच पुढच्या बहुतेक उत्तरांमागचे सूत्र आहे.

आरक्षण वहीत ठेवावे की सॉफ्टवेअरमध्ये?

दोन-तीन संगणक असतील आणि कक्षात पूर्ण वेळ माणूस बसत असेल, तर आखलेली वही पुरेशी आहे. तारीख, संगणकाचा क्रमांक, सभासद क्रमांक, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष बसल्याची वेळ आणि उठल्याची वेळ एवढे रकाने असावेत. ‘ठरलेली’ आणि ‘प्रत्यक्ष’ हे दोन रकाने वेगळे ठेवण्याचा अनेकांना कंटाळा येतो. पण कोणती वेळ नुसती अडवून ठेवली जाते, हे महिन्याअखेरीस त्यांच्याशिवाय कळत नाही.

संगणक चारच्या वर गेले, किंवा कक्ष आणि देवघेव टेबल यांवर एकच माणूस असला, की सॉफ्टवेअरकडे वळावे. वही वेळ नोंदवते, पण संपलेल्या वेळेला पडदा बंद करणे तिला जमत नाही.

एका सत्राचा अवधी किती ठेवावा?

पन्नास मिनिटे वापर आणि दहा मिनिटे अदलाबदल, असा तासाचा हिशोब सर्वांत सोयीचा पडतो. सकाळी दहा ते सायंकाळी सहा कक्ष उघडा असेल आणि सहा संगणक असतील, तर दिवसाची ४८ सत्रे होतात. मधली दहा मिनिटे वाया जातात असे समजून काही ठिकाणी ती काढून टाकली जातात आणि मग पहिल्याच सत्राला झालेला उशीर संध्याकाळपर्यंत साठत जातो. यंत्र पुन्हा सुरू करणे, प्रिंटआउट घेणे, सुट्टे पैसे देणे, विसरलेला पेनड्राइव्ह परत करणे ही सगळी कामे त्याच दहा मिनिटांत होत असतात.

मात्र सर्वांना एकच माप लावू नये. सातबारा पाहणे, प्रवेशपत्र छापणे, ई-मेल तपासणे ही पंधरा मिनिटांची कामे आहेत. त्यांच्यासाठी एक संगणक ‘झटपट’ म्हणून वेगळा ठेवावा आणि त्यावर आरक्षण घेऊच नये. वाटल्यास त्यासमोरची खुर्चीही काढून टाकावी, कारण उभ्याने काम करणारा माणूस रेंगाळत नाही. उलट भरतीचा किंवा शिष्यवृत्तीचा पूर्ण अर्ज पन्नास मिनिटांत होईलच असे नाही. फोटो आणि सही ठराविक केबीत बसवणे, दाखले स्कॅन करणे, मोबाइलवर ओटीपी येण्याची वाट पाहणे यांत निम्मा वेळ जातो. त्यातच महाडीबीटीसारख्या (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती व योजनांच्या अर्जांच्या) संकेतस्थळावर काही काळ हालचाल झाली नाही, तर लॉगिन आपोआप सुटते. अशा अर्जांसाठी लागोपाठ दोन सत्रे एकत्र देण्याची सोय असावी. परंतु ती एका सभासदाला आठवड्यातून एकदाच मिळावी आणि दाखल्यांच्या स्कॅन केलेल्या फाइली त्याने आधीच तयार करून आणाव्यात, अशी अट घालावी. ही अट घातली की दुसऱ्या सत्राची गरजच बऱ्याच जणांना उरत नाही.

सर्व संगणक आरक्षणासाठी खुले करावेत का?

करू नयेत. सहापैकी चार आरक्षणासाठी, एक झटपट कामासाठी आणि एक थेट येणाऱ्यांसाठी, ही वाटणी बहुतेक ठिकाणी चालते. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, ज्याला आधीपासून नियोजन जमते, त्याच्याच हाती आरक्षण पडते. आणि सार्वजनिक संगणकाची खरी निकड तर बहुधा दुसऱ्याच माणसाला असते. नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्याची माहिती विचारत येणारे निवृत्तिवेतनधारक आरक्षण करून येत नाहीत, तसेच यार्डात हळदीचा सौदा आटोपून वाटेत डोकावणारे शेतकरीही येत नाहीत.

आरक्षण करून न येणाऱ्यांचे काय करावे?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, कारण नाव लागलेले पण रिकामे यंत्र पाहून बाहेर थांबलेल्या माणसाचा जितका संताप होतो, तितका लांब रांगेनेही होत नाही.

दहा मिनिटांची मुदत द्यावी. अकरा वाजताचे आरक्षण असेल, तर अकरा वाजून दहा मिनिटांनी ते आपोआप सुटावे आणि यंत्र रांगेतल्या पहिल्या माणसाला मिळावे. मूळ आरक्षणवाला नंतर आला, तर त्याने रांगेत उभे राहावे; त्याच्यासाठी बसलेल्याला उठवू नये. हा नियम पहिल्या आठवड्यातच कडकपणे पाळावा लागतो. ‘गाडीला उशीर झाला’ हे कारण बहुतेक वेळा खरेच असते, तरीही ते मान्य केले की मुदत दहाची वीस आणि वीसची तीस होते. बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी सूट न देता, त्यांना आरक्षण करतानाच गाडीच्या वेळेनंतर अर्ध्या तासाने सुरू होणारे सत्र सुचवावे.

दंड आकारण्याचा मोह टाळावा. पाच-दहा रुपयांचा दंड वसूल करताना होणारी वादावादी त्या रकमेपेक्षा महाग पडते. त्याऐवजी महिन्यात तीनदा न आलेल्या सभासदाचे आगाऊ आरक्षण पंधरा दिवसांसाठी बंद ठेवावे. थेट येऊन बसण्याचा त्याचा हक्क तसाच राहू द्यावा. शिवाय रद्द करणे हे आरक्षणाइतकेच सोपे असले पाहिजे. प्रत्यक्ष येऊनच रद्द करावे लागत असेल, तर कोणीही ते करणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आरक्षण घ्यावे का?

वैयक्तिक क्रमांकावर अजिबात घेऊ नये. रात्री अकरा वाजता आलेला निरोप सकाळी वहीत चढवायचा राहतो आणि दोन माणसे एकाच खुर्चीवर हक्क सांगतात. वाचनालयाचा स्वतंत्र क्रमांक असेल, तर कक्षाच्या वेळेतच आणि ‘नोंद झाली’ असे उत्तर गेल्यावरच आरक्षण पक्के धरावे.

मोफत सॉफ्टवेअर कोणते आहे?

लिबकी हे वाचनालयांसाठीच तयार झालेले मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. त्याचा मुख्य भाग लिनक्सवर चालतो, तर वापरकर्त्यांच्या संगणकांवर बसवायचा भाग विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालतो. प्रत्येक सभासदाला दिवसाची एकूण मिनिटे आणि एका सत्राची मिनिटे वेगवेगळी ठरवून देता येतात. कोणी वाट पाहत नसेल तर वेळ आपोआप वाढवण्याची सोय त्यात आहे आणि ती अवश्य चालू ठेवावी. दुपारी तीनच्या सुमारास कक्ष निम्मा रिकामा असताना एखाद्याचा पडदा बंद करण्याला काहीच अर्थ नाही.

आपली पुस्तकांची देवघेव कोहा या ग्रंथालय व्यवस्थापनाच्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर असेल, तर लिबकी त्याच्याशी एसआयपी२ या, ग्रंथालयांच्या यंत्रणा एकमेकींशी जोडण्याच्या ठरावीक पद्धतीने जोडता येते. तसे केल्यास सभासद क्रमांक आणि पासवर्ड एकच राहतात आणि वर्गणी थकलेल्या सभासदाला प्रवेश द्यायचा की नाही हेही तेथेच ठरवता येते. मात्र ‘ड’ वर्गाच्या छोट्या वाचनालयाने केवळ यासाठी कोहाचा घाट घालू नये. लिबकीमध्ये सभासदांची यादी थेट भरता येते आणि दोन-तीनशे नावांसाठी तेवढे पुरते.

सभासद नसलेल्या व्यक्तीला संगणक वापरू द्यावा का?

द्यावा. पाहुणा पास म्हणून एकदाच चालणारा क्रमांक आणि पासवर्ड आधीच छापून गल्ल्यात ठेवावेत आणि ओळखपत्र पाहून, नोंद करून एक चिठ्ठी द्यावी. एकच ‘गेस्ट’ पासवर्ड सर्वांना सांगण्याची पद्धत ताबडतोब बंद करावी, कारण उद्या एखाद्या गैरवापराची चौकशी झाली, तर त्या वेळी यंत्रावर कोण होते हे कोणालाच सांगता येत नाही.

ओळखपत्र पाहणे आणि नोंदी ठेवणे कायद्याने आवश्यक आहे का?

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील व्याख्येनुसार, नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात जनतेला इंटरनेट वापरू देणारी कोणतीही सुविधा म्हणजे सायबर कॅफे. तासाला शुल्क घेणारे वाचनालय या व्याख्येच्या बरेच जवळ जाते. म्हणून आपण त्यात बसतो की नाही यावर काथ्याकूट करत बसण्यापेक्षा सायबर कॅफेंसाठीचे २०११ चे नियम पाळणे शहाणपणाचे आहे. ते पाळायला फारसे अवघडही नाहीत.

या नियमांनुसार ओळख पटल्याशिवाय कोणालाही संगणक देता येत नाही. शाळा-महाविद्यालयाचे ओळखपत्र, मतदार ओळखपत्र, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, आधार यांपैकी काहीही चालते. नोंदवहीत नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, ओळखपत्राचा तपशील, तारीख, संगणकाचा क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ असावी, आणि ती किमान एक वर्ष जपावी. पाहिलेल्या संकेतस्थळांच्या नोंदीही एक वर्ष ठेवण्याची तरतूद आहे. या नोंदी राउटर किंवा प्रॉक्सी सर्व्हरवर (सर्व यंत्रांचे इंटरनेट ज्यातून जाते त्या मधल्या संगणकावर) आपोआप होऊ द्याव्यात आणि रीतसर लेखी मागणी आल्याशिवाय कोणीही त्या उघडून पाहू नयेत. कोण काय वाचतो याची चौकशी ग्रंथपालाने करायची नसते, हे संगणकालाही लागू आहे. आडोसे केले असतील, तर त्यांची उंची जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा जास्त नसावी आणि आडोसा नसलेल्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत, हेही त्यात आहे.

सर्व यंत्रांची घड्याळे भारतीय प्रमाणवेळेशी जुळलेली असावीत, हा नियम क्षुल्लक वाटतो. पण जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, संकेतस्थळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत आणि नोंदीतल्या वेळाही चुकतात. गोल नाण्याएवढी ती बॅटरी किरकोळ किमतीत मिळते.

आधारच्या छायाप्रतींचा गठ्ठा साठवणे मात्र टाळावे. अनेक ओळखपत्रे चालत असताना आधारचाच आग्रह धरण्याचे कारण नाही. कोणी आधारच दिले, तर शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क्ड प्रत घ्यावी. उघड्या रॅकवर पडलेला असा गठ्ठा ही वाचनालयाचीच जबाबदारी आहे.

लहान मुलांसाठी वेगळा नियम असावा का?

छायाचित्र असलेले ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलासोबत ओळखपत्रधारक प्रौढ असावा आणि आडोशातल्या संगणकावर मुलांना पालकांशिवाय बसू देऊ नये, असे वरील नियमांतच म्हटले आहे. शाळेच्या ओळखपत्रावर येणाऱ्या मुलांना देवघेव टेबलासमोरचा संगणक द्यावा. गेमसाठी येणाऱ्यांना हाकलून लावण्याची घाई नको. गर्दी नसताना ती मुले आली, तर वाचनालयाचे काही बिघडत नाही.

आधीच्या माणसाची माहिती पुढच्याला दिसू नये यासाठी काय करावे?

सत्र संपले की यंत्र कोऱ्या पाटीसारखे झाले पाहिजे, आणि हे काम वापरकर्त्याच्या आठवणीवर सोडता येत नाही. ‘कृपया लॉगआउट करा’ अशी पाटी लावूनही डाउनलोड फोल्डरमध्ये दहावीच्या गुणपत्रिका, रद्द केलेले धनादेश आणि पॅनकार्डाचे फोटो साठत राहतात.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत सामायिक वापरासाठीची शेअर्ड पीसी पद्धत आहे. तिच्यात साइन आउट होताच पाहुण्याचे खाते फाइलींसह पुसले जाते. डीप फ्रीझसारखी सॉफ्टवेअर वेगळ्या रीतीने काम करतात. त्यांत यंत्र पुन्हा सुरू झाले की ते मूळ स्थितीला येते. येथे एक गफलत सर्रास होते: आरक्षणाचे सॉफ्टवेअर सत्रअखेर फक्त लॉगआउट करते, यंत्र पुन्हा सुरू होत नाही आणि त्यामुळे काहीच पुसले जात नाही. म्हणून सत्र संपताच यंत्र रीस्टार्ट व्हावे अशी मांडणी करून घ्यावी आणि ती तपासण्यासाठी डेस्कटॉपवर एक रिकामी फाइल ठेवून पुढच्या सत्रात ती दिसते का ते पाहावे. अशा गोठवलेल्या यंत्रावर सुरक्षा अपडेटही टिकत नाहीत, त्यामुळे साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळी ते तात्पुरते मोकळे करून अपडेट घ्यावेत आणि पुन्हा गोठवावे.

एक गोष्ट कोणतेही सॉफ्टवेअर पुसत नाही, ती म्हणजे स्कॅनरच्या काचेवर उपडे राहिलेले कागद. प्रत्येक सत्रानंतर झाकण उचलून पाहणे हे कक्षात बसणाऱ्याचे ठरलेले काम असावे. सापडलेला कागद पाकिटात घालून, वर फक्त तारीख आणि संगणक क्रमांक लिहून कुलपात ठेवावा. सूचनाफलकावर टाचणीने लावू नये.

आमचे संगणक जुने आहेत आणि त्यांवर विंडोज १० आहे. चालेल का?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या आवृत्तीला न पेलणाऱ्या यंत्रांवर लिनक्स मिंट टाकावे. त्यात पाहुण्यांसाठीचे तात्पुरते सत्र चालू करता येते, जे बंद होताच आपोआप रिकामे होते. अर्ज भरणे आणि छापणे यासाठी ते पुरेसे आहे.

अर्ज भरून देण्याची विनंती लोक करतात. करावी का?

कुठे क्लिक करायचे ते दाखवावे, पण पासवर्ड, ओटीपी आणि बँकेचा तपशील स्वतः टाइप करू नये. वयस्कर माणूस मोबाइलच पुढे करून ‘तुम्हीच बघा’ म्हणतो तेव्हा नकार देणे जड जाते, हे खरे आहे. तरीही पुढे खात्यातून पैसे गेले, तर पहिला संशय मोबाइल हाताळणाऱ्यावरच येतो. ओटीपी त्यांनी वाचावा आणि त्यांनीच भरावा. अंक सापडत नसतील तर बोट दाखवावे.

मराठी टंकलेखनाची सोय कशी असावी?

प्रत्येक यंत्रावर युनिकोड मराठी, इनस्क्रिप्ट आणि ध्वन्यात्मक अशा दोन्ही कळफलकांसह असावे. शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर ऑनलाइन अर्जात चिकटवला की त्याची इंग्रजी चिन्हे होतात, ही सूचना पडद्याशेजारी चिकटवून ठेवावी.

मध्येच वीज गेली तर सत्राचे काय?

सर्व संगणकांना बॅकअप देणे परवडत नसेल, तर राउटर आणि आरक्षणाचा मुख्य संगणक एवढ्यांना तरी द्यावा. मुख्य भागासाठी जुना लॅपटॉप वापरला तर त्याची बॅटरीच कामी येते. यामुळे कोणाची किती मिनिटे शिल्लक होती हे टिकून राहते. वीज अर्ध्या तासात आली, तर अडलेल्यांना उरलेली मिनिटे द्यावीत आणि त्यापुढची आरक्षणे एका सत्राने सरकवावीत. त्याहून उशीर झाला, तर सरकवत न बसता त्या दिवसाची अडलेली आरक्षणे रद्द करून दुसऱ्या दिवशीचा पहिला हक्क द्यावा.

निकालाच्या दिवशी किंवा अर्जाच्या शेवटच्या तारखेला काय करावे?

दहावी-बारावीचा निकाल दुपारी एकच्या सुमारास ऑनलाइन येतो. त्या दिवशी बारा ते चार आरक्षण पूर्ण बंद ठेवावे, टोकन द्यावे आणि प्रत्येकी पाच मिनिटे द्यावीत. शेवटच्या तारखेच्या दिवशी उलटे करावे: दुहेरी सत्रे बंद, झटपट संगणकही अर्जांसाठी खुला, आणि कक्ष समितीच्या परवानगीने तासभर अधिक उघडा.

पुराच्या काळात आरक्षणे कशी हाताळावीत?

कृष्णाकाठच्या वाचनालयांना हा प्रश्न दर पावसाळ्यात पडतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. तळमजल्यावर कक्ष असेल, तर इशारा पातळीची वाट पाहू नये. कोयनेतून विसर्ग वाढल्याची आणि पाणी चढत असल्याची सूचना आली, की पुढची सर्व आरक्षणे एकत्र रद्द करावीत आणि सभासदांना संदेश पाठवावा. हलवण्याचा क्रम आधीच कागदावर ठरलेला असावा: प्रथम मुख्य संगणक आणि नोंदींची बॅकअप डिस्क, मग सीपीयू, त्यानंतर प्रिंटर, आणि हात उरले तर पडदे. वायरींना चिठ्ठ्या लावल्या, तर परत जोडताना दिवस मोडत नाही.

भिजलेल्या यंत्राला वीज देऊन ‘चालते का’ ते पाहू नये. आधी हार्ड डिस्क काढून जाणकाराकडे द्यावी. कक्ष पुन्हा उघडल्यावर पहिले दोन दिवस पुरामुळे आरक्षण रद्द झालेल्यांसाठी राखून ठेवावेत. त्या दिवसांत पंचनामा आणि नुकसानभरपाईची माहिती शोधत येणाऱ्यांकडून ओळखपत्राचा आग्रह कसा धरायचा, हे समितीने आधीच ठरवावे, कारण त्यांची कागदपत्रेच बऱ्याचदा पाण्यात गेलेली असतात. अशा वेळी ओळखपत्रधारक दुसऱ्या सभासदाच्या नावावर, त्याच्यासमोर आणि त्याच्या सहीने सत्र द्यावे आणि शेऱ्याच्या रकान्यात तसे स्पष्ट लिहावे.